वादिराज सरांच्या मताची परीक्षा

तंजावूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे वादिराज सर गावात ओळखले जायचे ते कोलमामुळे, म्हणजे तिकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीमुळे. रोज सकाळी दारात ठिपके मांडून त्यांभोवती पिठाच्या रेषा फिरवणाऱ्या बायकांची स्मरणशक्ती म्हातारपणीही शाबूत राहते, असं त्यांचं ठाम मत होतं. मत हवेतलं नव्हतं. त्यांनी कितीतरी वर्षं घरोघर पाहण्या केल्या होत्या आणि प्रत्येक पाहणीत कोलम काढणाऱ्या आज्याच पुढे निघाल्या होत्या. महिला मंडळं त्यांना हौसेनं भाषणाला बोलवायची.

विनुता एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, रोज ओरत्तनाडूहून बसनं यायची. वर्गात फारशी बोलणारी नव्हे. पण त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"सर, माझ्या आजीचे गुडघे गेले तेव्हा तिनं आधी कोलम सोडला. तब्येत ढासळली की वाकणं बंद होतं. मग कोलमामुळे डोकं चांगलं राहतं, की ज्यांचं सगळंच चांगलं आहे त्याच कोलम काढतात?"

विनुताला वाटलं, आता गेलं आपलं वर्ष. सरांनी खडू ठेवला आणि ते चक्क हसले.

"पाहणीत दोन गोष्टी जोडीनं चालताना दिसतात. कोण कुणामुळे चालतंय, ते त्यात दिसत नाही. हे मीच तुम्हाला शिकवतो आणि मीच विसरलो! तुझ्या प्रबंधाचा विषय ठरला बघ."

प्रयोग राजवाड्यामागच्या गल्ल्यांतल्या एका सभागृहात मांडला. कोलम काढणं सोडून दिलेल्या वयस्क बायका गोळा केल्या, बहुतेक तिथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या. अर्ध्याजणींनी टेबलाशी बसून पाटीवर कोलम काढायचा, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्नच नको. उरलेल्यांनी तेवढाच वेळ नुसत्या गप्पा मारायच्या. आधी आणि शेवटी प्रत्येकीला एक गोष्ट ऐकवून ती परत सांगायला लावायची. गोष्ट पुण्याच्या एका चाचणीतून घेतली होती. चौघींना ऐकवून पाहिली तर त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. असलं मराठी कोण बोलतं? तेव्हा सरांनी ती इथल्या घरगुती मराठीत बसवून पुन्हा लिहिली.

कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. राजलक्ष्मीअक्कांची चिठ्ठी गप्पांची निघाली आणि त्या रुसल्या. त्यांची मैत्रीण कोलमात होती.

"मज कोलमातच बसव गो. एका म्हातारीनं काय बिघडतं?"

विनुता विरघळलीच होती. सर खुर्ची ओढून अक्कांसमोर बसले.

"अक्का, हौस असलेल्या सगळ्या कोलमाकडे गेल्या आणि त्यांना गोष्ट जास्त आठवली, तर मी काय समजू? कोलमानं आठवली की हौसेनं?"

अक्कांनी जरा विचार केला. "सरी, तसं तर तसं. पण गप्पा मी मारीन हं, मग थांबवू नको कोणी."

काही आठवड्यांनी शेवटची चाचणी झाली. बायकांनी परत सांगितलेल्या गोष्टींची ध्वनिमुद्रणं ऐकून विनुतानं गुण दिले. कोलमाचा गट चांगलाच पुढे होता! ती धावतच सरांच्या खोलीत गेली. सरांचा चेहरा क्षणभर उजळला, मग त्यांनी विचारलं,

"गुण कोणी दिले?"

"मीच, सर."

"कुठली बाई कुठल्या गटातली, तुला माहीत होतं?"

"हो... पण मी मुद्दाम काही केलं नाही."

"मुद्दाम कोणीच करत नाही. मीही केलं असतं, तुझ्याहून जास्त. इतके दिवस माझ्याबरोबर काम करून माझं मत खरं ठरावं अशी आता तुझीही इच्छा आहे. आणि अर्धवट आठवलेल्या तपशिलाला अर्धा गुण द्यायचा की शून्य, ते त्या इच्छेनं ठरतं. म्हणून तर पद्धत लागते, विनुता. आपण वाईट असतो म्हणून नव्हे."

नावं काढून फक्त क्रमांक घातलेली तीच ध्वनिमुद्रणं भाषाविभागातल्या कीर्तना नावाच्या विद्यार्थिनीकडे दिली. प्रयोग कशाचा, हे तिला ठाऊक नव्हतं. तिचे गुण आले आणि दोन्ही गटांतला फरक विरघळून गेला. दोन्ही गटांची आठवण सुधारली होती, जवळजवळ सारखीच.

विनुताला रडू आलं. सरांनी कीर्तनाचे आकडे पुन्हा एकदा पडताळून पाहिले. मग म्हणाले, "छान काम झालंय. असंच लिही."

नेमकं त्याच आठवड्यात एका महिला मंडळात सरांचं भाषण होतं, विषय अर्थातच कोलम. विनुताला वाटलं, ते काहीतरी सबब सांगतील. ते गेले. सगळा प्रयोग त्यांनी साध्या मराठीत आणि तमिळमध्ये सांगितला. प्रश्न विनुताचा होता हे सांगून तिला उभं केलं, आणि स्वच्छ म्हणाले, "इतकी वर्षं मी तुम्हाला जे सांगत आलो, त्याला आधार मिळाला नाही."

सभागृहात कुजबुज झाली. राजलक्ष्मीअक्का पहिल्या रांगेतून ओरडल्या, "मग आम्ही सगळ्याच कशानं सुधारलो?"

"ठाऊक नाही, अक्का. एकत्र बसल्यानं असेल. चाचणी दुसऱ्यांदा सोपी गेली असेल."

"आणि कोलम?"

"काढा की! दार सुंदर दिसतं."

हशा पिकला. विनुता मात्र सरांकडे बघत राहिली. भरल्या सभेत 'ठाऊक नाही' म्हणणारा शिक्षक तिनं आजवर पाहिला नव्हता, आणि त्या दोन शब्दांनी माणूस लहान होत नाही, उलट उंच दिसतो, हे तिला नवीन होतं.

बसस्टँडपर्यंत ते तिच्याबरोबर चालत आले.

"वाईट नाही वाटलं, सर?"

"वाटलं ना. जेवण गेलं नाही दोन दिवस. पण तुझे पहिले आकडे घेऊन उभा राहिलो असतो, तर टाळ्या पडल्या असत्या आणि मला त्या खऱ्या वाटल्या असत्या. त्याची भीती जास्त वाटते."

बस गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं सुरू झाली. विनुता दांडा धरून उभी होती. एकदम तिनं फोन लावला.

"सर, तिसरा गट हवा होता. कोलमही नाही, गप्पाही नाही, नुसती चाचणी. मग कळेल कशानं सुधारल्या ते."



"उद्या जरा लवकरची बस धर," सर म्हणाले.