एका फोनसाठी मोकळा

सकाळी सात वाजून सोळा मिनिटांनी राजेश्वरीताईंनी हातातला कागद वाचून संपवला आणि लगेच मी खणखणलो.

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. काळा, तबकडीचा, वजनाला दणकट. राहुरीजवळच्या मुळाथडी रेडिओच्या टेबलावर, मायकापासून वीतभर अंतरावर माझी जागा आहे. त्याआधी सव्वीस वर्षं मी घोडेगावात, जनावरांच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर होतो. बैलांच्या, म्हशींच्या सौद्यांचे निरोप माझ्यातून गेले. घरी कोणी आजारी पडलं तर लोक आधी माझ्याकडे धावत. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि माझ्यावर गोणपाट पडलं. त्या अंधारात एकच इच्छा होती, कोणीतरी एकदा फोन करावा. सहा वर्षांपूर्वी ताईंनी मला पुसून इथं आणलं. माझ्यात एकच दोष आहे. रिसीव्हर तिरका ठेवला तर खालचं बटण नीट दबत नाही, आणि मग फोन करणाऱ्याला मी सतत गुंतलेला वाटतो.

सात ते आठ हा ताईंचा कार्यक्रम. जुनी गाणी, आठवणी, थोडी माहिती. सव्वासातला ‘साल ओळखा’. जत्रेची, एसटीची, बाजाराची एखादी जुनी सूचना ताई अशी वाचतात, की ती आत्ताचीच वाटावी. तारीख सांगत नाहीत. कोणी विचारलंच तर हसून म्हणतात, “आजचीच आहे बरं का!” सगळी गंमत त्यातच. मग लोक साल सांगायला मला फोन करतात आणि ताई माझा रिसीव्हर मायकाजवळ धरतात. बरोबर ओळखेल त्याच्या आवडीचं गाणं लागतं.

आज खेळाची धून वाजून गेली आणि तेवढ्यात धरणावरचा निरोप आला. धरण भरलंय, आठ वाजता दरवाजे उघडणार, नदीपात्रात असलेल्यांनी ताबडतोब बाहेर यावं. ताईंनी खेळाचा कागद बाजूला सारला आणि तो निरोप वाचला. धून रोजचीच, आवाजही रोजचाच.

“आसाराम बोलतोय, ताई! चौऱ्यान्नव साल. लावा आता माजं गानं!”

“आसारामभाऊ, हा खेळ नाही. ही आजची सूचना आहे.”

“रोज असंच म्हनता की! बरं, पंच्यान्नव?”

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मायकात पुन्हा सांगितलं, “खरंच आजची आहे हो.” मी पुन्हा खणखणलो. “दोन हजार सहा!” एक आजोबा तर म्हणाले, “आज लई रंगात आलाय तुमी.” अकरा फोन आले. अकराही जणांनी साल सांगितलं.

बारावा फोन सात एकोणचाळीसला आला. नदीकाठच्या वस्तीवरच्या लंकाबाईंचा.

“ताई, खरं सांगा, ह्ये आजचं हाय का जुनं? कवाधरनं लावतीय, फोनच लागंना.”

“आजचं, लंकामावशी.”

“अगं बया! आमचं मालक नदीत हाईत. पान्याची मोटार काढाया गेल्यात. मोबाईल हितंच, चुलीम्होरं.”

मालक म्हणजे गहिनीनाथकाका. ‘साल ओळखा’ सगळ्यात जास्त वेळा जिंकलेले. भिजेल म्हणून ते नदीत मोबाईल नेत नाहीत, पण छोटा रेडिओ गळ्यात असतोच. म्हणजे सूचना त्यांनी ऐकलेली असणार. आणि साल आठवत ते तिथंच मोटारीचे नट सोडवत असणार.

“दीर पळत निघालेत. पन अर्ध्या तासाची वाट हाय, ताई.”

ताईंनी विचारलं, “मावशी, आज पहाटे घरी काय झालं? काकांना माहीत आहे असं काहीतरी. आजचंच हवं.”

“काय हुनार! शेळी व्याली. दोन करडं झाली. एकाचा डावा कान लोंबतोय. तर म्हनले, ह्ये तुज्या भावावर गेलंय.”

“बास, मावशी.”

“मीबी निघते. गावले की तुमालाच फोन करते.”

ताईंनी मला ठेवलं आणि मायक ओढला. “गहिनीनाथकाका, आज पहाटे तुमची शेळी व्याली. दोन करडं. एकाचा डावा कान लोंबतोय, आणि ते लंकामावशींच्या भावावर गेलंय असं तुम्ही म्हणालात. हे जुन्या कागदात कुठून येईल? काका, ही सूचना आजची आहे. मोटार राहू द्या. वर या.”

आठ वाजेपर्यंत हेच त्यांनी सात वेळा सांगितलं. त्यानंतर कोणीही साल सांगायला फोन केला नाही. आठला दरवाजे उघडले. काकांच्या मोटारीपर्यंत पाणी वीस मिनिटांत पोचतं.

कार्यक्रमाची वेळ संपली, पण ताई उठल्या नाहीत. मी बंद तर पडलो नाही ना, म्हणून दर मिनिटाला मला उचलून कानाला लावतात. त्यांना कसं सांगू, की तेवढा वेळ माझी वाट बंद असते? ठेवा, ताई. सरळ ठेवा.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. आज मात्र मागणं वेगळं आहे. फोन करू नका. साल सांगायला नको, चौकशीलाही नको. आयुष्यभर मी कोणाच्याही फोनची वाट पाहिली. आत्ता एकाच फोनसाठी मला मोकळं ठेवा.

आठ वाजून सव्वीस मिनिटं झाली आहेत. रिसीव्हर जागेवर आहे, बटण पूर्ण दबलेलं आहे. मी अजून वाजलेलो नाही.