कार्डावरचा स

आमच्या दुकानात अख्ख्या गावाची भांडणं गुण्यागोविंदानं नांदतात. "यांनाच निवडून द्या" हा फ्लेक्स गुंडाळून कोपऱ्यात उभा असतो आणि त्याला टेकून "यांना घरी बसवा" हा उभा असतो. दोन्ही बाबांनीच छापलेले, एकाच शाईनं. बाबा म्हणतात, "आपण भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात, डोळे असतात असं कुणी म्हटलंय का?"

"डोळे नसू देत बाबा, निदान शुद्धलेखन तरी असू दे," असं मी एकदा म्हटलं, तेव्हापासून तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शाळेतून आले की दप्तर फेकायचं, स्क्रीनसमोर बसायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि ओरडायचं, "बरोबर आहे, छाप!" यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझं ओरडणं चौकापर्यंत ऐकू जातं, असं आई म्हणते. जाऊ दे की. इतकी वर्षं मागच्या बाकावर गप्प बसून काढली, आता थोडं गावालाही सोसू दे.

छापायचं काम शिडीदादाचं. खरं नाव वेगळं होतं, पण ते बोलताना बाबांची जीभ अडखळायची, आणि तो स्वतःच शिडीएवढा उंच, शिवाय फ्लेक्स टांगायला शिडी घेऊन जाणारा. त्यानंच हसून मान्य केलं, "शिडी चांगलं. सगळे माझ्यावरून वर जातात." आमची भाषा बोलायला तो भराभर शिकला. लिहिणं मात्र माझ्याकडे शिकायचा, फ्लेक्सच्या कापलेल्या पट्ट्यांवरच्या अक्षरांवरून. एका पट्टीवर 'वाढदि', दुसरीवर 'र्दिक शुभे'. अशी अर्धवट पुस्तकं. तो मला 'बाई' म्हणायचा. मला कुणी बाई म्हणालं की मी दोन इंच वाढायचे.

पूर्ण वाचता आलेला त्याचा पहिला शब्द कुठला? मला वाटलं होतं 'शुभेच्छा' असेल. त्यानं खिशातून ओळखपत्र काढून बोट ठेवलं. नि-र्वा-सि-त. "हा मी," तो म्हणाला.

तो राहायचा जुन्या वसतिगृहात, त्याच्यासारख्याच इतरांबरोबर. तिकडे युद्ध होतं, घर होतं, ते आता नव्हतं. बायको आणि छोटी मुलगी मधल्याच कुठल्यातरी देशात एका छावणीत अडकलेल्या. त्याची सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. आसरा मंजूर झाला की त्या दोघींना आणता येणार होतं. त्याच्या वकीलबाईंनी एकच गोष्ट बजावली होती: कुठल्याही पोलीस ठाण्यात तुझं नाव लागता कामा नये. भांडण नको, धक्काबुक्की नको. कुणी शिवी दिली, ढकललं, थुंकलं, तरी हात खिशात.

ते त्यानं इतकं मनावर घेतलं होतं की रस्त्यानं नुसतं चालतानाही त्याचे हात खिशात असायचे. मी चिडवायचे, "काय रे, शेंगदाणे लपवलेस का?" तो म्हणायचा, "मुलगी लपवलीय."

मग वसतिगृहावर दगडफेक झाली. कुणीतरी फोनवर काहीतरी पसरवलं, ते खोटं निघालं, पण तोवर काचा फुटल्या होत्या. फुटलेल्या खिडक्यांना लावायला बाबांनी दुकानातले जुने फ्लेक्स दिले. त्यामुळे वसतिगृहाच्या प्रत्येक खिडकीतून निवडणुकीतला एकेक उमेदवार हसायला लागला. कुणाचा अर्धा चेहरा, कुणाच्या नुसत्या मिशा. मला फार हसू आलं होतं. बाबांना नाही आलं. "गरज संपली की उपयोगाला येतात बघ," एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारी खिळेवाले काका दुकानात आले. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, म्हणून खिळेवाले. लहानपणापासून मला गोळ्या देणारे, माझ्या बक्षिसाला सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवणारे. आणि वसतिगृह हटवा मोर्चाचे पुढारीसुद्धा तेच.

"मोठा फ्लेक्स हवाय," ते म्हणाले. "सभागृहात जाहीर चर्चा आहे. दोन्ही बाजू बोलणार. स्टेजच्या मागं आपला लागला पाहिजे. लिही: निर्वासितांना परत पाठवा."

मशीनशी शिडीदादा पाठमोरा उभा होता. त्याचे हात शाईनं माखलेले, तरी ते हळूच खिशात गेले.

बाबांनी मान खाजवली. "काका, जरा सौम्य करू या का? म्हणजे... 'वसतिगृहाचा प्रश्न सोडवा' वगैरे?"

"तू भिंत ना रे? भिंत कधीपासून सल्ला द्यायला लागली?" काका हसले, माझ्या डोक्यावर टपली मारली. "आणि टांगायला तुझी ती शिडी पाठव. आमच्यात कुणाला चढता येत नाही."

ते गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. नाही म्हणा! बाबा म्हणाले, "मी नाही म्हटलं तर पलीकडचा छापेल. आणि मग उद्या आपल्या काचा कोण लावणार? तू?" माझ्या तोंडात मोठमोठी वाक्यं तयार होती, वक्तृत्वातली, टाळ्यांची. शिडीदादा म्हणाला, "बाई, असू दे. नुसतं कापड आहे."

असू दे? मी आणि असू दे?

बाबा जेवायला घरी गेले आणि मी स्क्रीनसमोर बसले. 'निर्वासितांना परत पाठवा.' लाल, ठसठशीत. आणि तेव्हा मला ते दिसलं. एकच अक्षर! 'स' काढून 'च' घातला की निर्वासित होतो निर्वाचित, आणि स्टेजवर बसणार कोण? नगरपालिकेचे अध्यक्ष आणि सगळे निवडून आलेले सदस्य. त्यांच्या डोक्यावर लिहिलेलं: निर्वाचितांना परत पाठवा! मला इतका आनंद झाला की खुर्ची गरकन फिरवून घेतली. एक बटण दाबलं. "बरोबर आहे, छाप!"

शिडीदादानं गुंडाळी लावली, मशीन सुरू करायला हात नेला आणि थांबला. स्क्रीनजवळ वाकला. मग ओळखपत्र काढलं, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे.

"बाई, माझ्या कार्डावर स आहे. हा च आहे."

"कार्डावरचा वेगळा, फ्लेक्सवरचा वेगळा," मी म्हटलं. हसू दाबताना माझे गाल दुखत होते.

"अर्थ तोच?"

"तू अजून पहिलीत आहेस ना? मग बाईंवर विश्वास ठेवायचा."

त्यानं ठेवला. मशीन सुरू झालं.

सभागृह खचाखच भरलं होतं. शिडीदादानं फ्लेक्स टांगला, पण काकांच्या हुकमानं तो गुंडाळूनच ठेवला होता. ऐन भाषणात दोरी ओढायची आणि टाळ्या घ्यायच्या. मी पहिल्या रांगेत, बाबा कडेला.

आधी प्राध्यापक बोलले. वसतिगृहाच्या बाजूनं बोलणारे ते एकटेच. फार सुंदर बोलले. माणुसकी, जबाबदारी, इतिहास काय म्हणेल. शिडीदादा शिडी धरून दारापाशी उभा होता, पण जबाबदारीबद्दल बोलताना प्राध्यापक छताकडे बघत होते. मग खिळेवाले काका. "आम्ही वाईट नाही," ते म्हणाले, "पण घर आपलं, ताट आपलं, आणि वाढायचं कुणाला ते आपण ठरवायचं की नाही?" टाळ्या. "आमचं म्हणणं एका ओळीत!" आणि दोरी ओढली.

 मग मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलं. नि-र्वा-चि-तां-ना. आणि सभागृह फुटलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. "खरंय की! पाठवा परत!" "कधी पाठवताय?" एका आजीबाईंनी हसता हसता डोळे पुसले. अध्यक्षांनी मान मागं वळवून वर बघितलं आणि त्यांचा चेहरा खिडकीला लावलेल्या फ्लेक्ससारखा झाला. एक डोळा हसतोय, बाकी दिसत नाही.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर मिनिट. एवढंच होतं ते.

"कुणी छापलं हे?" काका गरजले. मोर्चातल्या पोरांना फार शोधावं लागलं नाही. शिडीदादा दारातच होता. दोघांनी त्याची कॉलर धरली, तिसऱ्यानं मागून ढकललं. पायऱ्या उतरत्या होत्या. कुठलाही माणूस पडताना हात पुढं करतो. करायचं ठरवत नाही, होतं ते. त्यानं खिशातून हात काढले नाहीत. तो सरळ तोंडावर आपटला.

मी किंचाळले. बाबा धावले आणि मध्ये उभे राहिले. वाटेत त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं होतं आणि त्या एका नजरेत त्यांना सगळं कळलं होतं. दुकानात 'च' कुणाला सुचेल, हे त्यांना सांगायला कशाला हवं?

"चूक झाली हो," बाबा हात जोडून म्हणाले. "त्याला अजून अक्षरओळख नाही. अडाणी आहे बिचारा."

खाली पडलेल्या शिडीदादानं मान वर करून बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठांतून रक्त येत होतं. त्याला एका शब्दात सुटता आलं असतं. तो बोलला नाही.

मग मी स्टेजवर चढले. माइक घेतला. मला वाटलं, हेच ते, यासाठीच मी बोलायला शिकले. "ते मी केलं! त्यानं मला चूक दाखवली होती. मी मुद्दाम केलं. शिक्षा करायची तर मला करा!"

मी दगडांची वाट बघत होते. आल्या टाळ्या.

"अरे, ही तर आपली चिमणी!" काकांचा राग उतू गेलेल्या दुधासारखा खाली बसला. "वक्तृत्ववाली! बघा, बघा, एका अक्षरात आमची विकेट काढली पोरीनं!" लोक पुन्हा हसले, आता मायेनं. अध्यक्षांनीसुद्धा माझा गाल ओढला. "हुशार आहे. पुढंमागं निवडणुकीला उभी राहा हं, मग आम्ही तुला परत पाठवू." प्राध्यापक गर्दीतून वाट काढत आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "प्रतीकात्मक निषेध! आमच्या नियतकालिकासाठी लिहिशील का यावर?"

मी दाराकडे बघितलं. तिथं नुसती शिडी होती.

"शिडीदादा कुठाय?"

"पोलीस घेऊन गेले. त्याच्याच सुरक्षेसाठी," कुणीतरी म्हणालं.

मी बाबांचा हात धरून ठाण्यापर्यंत त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. टेबलामागं एक पोलीस काका बसले होते, माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील. समोर शिडीदादाविरुद्धची तक्रार लिहून तयार होती.

"मला तक्रार द्यायची आहे," मी म्हटलं.

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

ते हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, स पासून च पर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकलं. मनानं वाईट नव्हते ते.

"पोरी, कळलं मला. पण तुझं नाव कशाला घालू? यंदा परीक्षा आहे तुझी. पुढं कॉलेज, नोकरी. एकदा इथं नाव लागलं की पुसत नाही. अख्खं आयुष्य पडलंय तुझं."

"मग त्याचं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. "त्याचं काय?"

"त्याचं नाव खोडा ना. काही केलं नाही त्यानं."

"जमावात अशांतता, असं लिहिलंय. शिवाय," त्यांनी कागदावर बघितलं, "पूर्ण वेळ हात खिशात होते त्याचे. संशयास्पद वाटतं ते. साक्षीदारांनी सांगितलंय."

बाबा भिंतीकडे बघत उभे होते. मी म्हटलं, "बाबा, बोला ना." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल घरी."

दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या गावच्या छावणीत हलवलं. सुनावणी 'नवीन माहिती आल्यामुळे' पुढं ढकलली. कधीपर्यंत, ते वकीलबाईंनाही सांगितलं नाही. मी त्यांना फोन करून पुन्हा सगळं सांगितलं, लिहून देते म्हणाले, कोर्टात येते म्हणाले. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "दे लिहून. जोडते. पण बाळ, हे सगळं त्याला आधी माहीत होतं का? निदान त्याला विचारायचंस."

मी फोन ठेवला आणि कागद घेऊन बसले. 

त्या आठवड्यात खिळेवाले काका पुन्हा आले. तीच ओळ, तेवढाच आकार, चर्चा पुन्हा ठेवली होती. माझ्यासाठी गोळ्या आणल्या होत्या. "या वेळी पोरीकडून नीट तपासून घे रे," ते डोळा मारत म्हणाले. "नाहीतर आम्हालाच देश सोडावा लागायचा!"

बाबांनी ओळ टाइप केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मशीनशी आता कुणी नव्हतं. मी वाचलं, अक्षर अक्षर, बोट ठेवून, तो वाचायचा तसं. नि. र्वा. सि. स होता. त्याच्या कार्डावरचाच.

"बरोबर आहे?" बाबांनी विचारलं.

"शब्द बरोबर आहे," मी म्हटलं.

 मग त्यांनी स्वतःच मशीन सुरू केलं. छापून झाल्यावर फ्लेक्स खांद्यावर घेऊन दारापाशी थांबले. "गुडघ्यानं चढवत नाही मला. शिडी धरायला येतेस?"

गोळ्या टेबलावर तशाच पडल्या होत्या. मी कोपऱ्यातल्या पट्ट्या वेचत होते, 'वाढदि', 'र्दिक शुभे'. वकीलबाईंना लिहून द्यायच्या कागदाबरोबर त्याही शिडीदादासाठी पाठवायच्या होत्या.

"भिंतीला सांगा धरायला," मी म्हटलं.