कोऱ्या नक्षीचा म्हातारा

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. पण माझं म्हातारपण पळून नाही, बसून आलं. शिनोलीच्या गेणभाऊंनी १९९४ साली जीप घेतली. माझे चार भाऊ चाकांना लागले आणि मी स्टेपनी म्हणून मागच्या दाराला. तेव्हा मी इतका काळा होतो, की कावळे मला बघून अंघोळीला जात.

"नवा हाय, अडीनडीला ऱ्हाऊ द्या," गेणभाऊ म्हणत. चाकांचे टायर दोनदा बदलले, मी तसाच. दर दसऱ्याला ते मला जळकं ऑइल चोळून चमकवत, झेंडूची माळ घालत. त्या तेलानं आणि उन्हानं माझं रबर वाळत चाललं होतं; मला मात्र चमकणंच गोड वाटे.

नऊ वर्षांनी, चैत्रातल्या उन्हात, गेणभाऊ लेकीला, साधनाला, तिच्या दीड महिन्याच्या बाळासह सासरी पिंपरी पेंढारला सोडायला निघाले. सोबत त्यांची आई झुंबरबाई. आळेफाट्याला पुढचं चाक पंक्चर झालं; टायरच चिरला होता. पंक्चरवाल्या कुंडलिकनं मला उतरवलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"भाऊ, ह्यो म्हातारा झालाय. भेगा बघा."

"नक्षी बघ की राव! खाचा कोऱ्या हायेत, एक मैल पळाला न्हाई अजून."

झुंबरबाई वाकल्या. "गेण्या, ह्या तर माझ्या टाचा! ह्या टाचांवर मी कळशी उचलत न्हाई, अन् तू लेकरू बसवतो व्हय?"

"आये, तुला टायरातलं काय कळतंय?"

"टाचातलं कळतंय!" म्हातारीनं बाळ उचललं, साधनाला ओढलं आणि थेट एसटी गाठली.

गेणभाऊ रागारागानं मला चढवून एकटेच निघाले. मित्रांनो, मी पहिल्यांदा रस्त्यावर! तीन मैल आनंदानं पळालो, तापलो आणि फुटलो. आवाज शिवनेरीपर्यंत गेला म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. जीप डाव्या कुशीवर शेतात आडवी झाली.

मागून एसटी आली. "आप्पा!" करत साधना धावली. गेणभाऊंचं कोपर तेवढं सोललं होतं. ते बांधावर बसून जीपची डावी मागची सीट बघत होते. चेपलेलं दार तिच्यात घुसलं होतं. आळेफाट्यापर्यंत साधना बाळ घेऊन तिथेच बसली होती. झुंबरबाईंनी पदराची चिंधी फाडून लेकाचं कोपर बांधलं.

मित्रांनो, मी थापा पुष्कळ मारतो, पण हे खरं: नक्षी कोरी असली तरी टायर म्हातारा होतो. आमच्या कुशीवर जन्मसाल कोरलेलं असतं, ते वाचा. भेगा बोटानं चाचपा. आणि आम्हाला तरुणपणीच पळवा. झिजून जाण्याचं टायरला दुःख नसतं.