सवतीच्या शेवया

वलीउल्ला चहावाला वारला आणि सुतकाचे चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत त्याच्या बायकोच्या, शम्सीकमरबाईंच्या दारी पत्रांची रीघ लागली. सेमेय शहरातली इर्तिश नदीकाठची चहाची कोठारं आता त्यांची झाली, ही बातमी कुठे कुठे पोचली होती कोण जाणे. कुणाला मशिदीवर मिनार चढवायचा होता, कुणाला हजला जायचं होतं, आणि तीन विधुरांना बाईंच्या एकटेपणाची भारी काळजी लागून राहिली होती. समोवारपाशी, चहाच्या बंबाजवळ बसून बाई एकेक पत्र मोठ्यानं वाचत आणि घरातच राहणारी विधवा नणंद मागफुरा शेरे मारी.

"ह्याला बायको नकोय, वहिनी. गुडघ्याला चरबी चोळायला माणूस हवंय."

हिवाळा सरता सरता गुल्ज्याहून पत्र आलं. चहाच्या खरेदीला वलीउल्ला दरसाल सीमेपलीकडे जायचा, ते हे गाव. दुसऱ्याच ओळीला बाईंचा आवाज बंद झाला.

"काय झालं?"

"मला सवत आहे."

मागफुरानं बशी खाली ठेवली. "आयिमखाननं लिहिलंय?"

"नाव मी अजून वाचलं नव्हतं, वन्सं."

मागफुरा खिडकीबाहेर बघू लागली. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

बाईंनी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. 'थोरल्या बाईंना सलाम. मला पैसा नको, माझ्या सफरचंदाच्या बागा आहेत. मागणं एकच. रश्श्यातल्या शेवया केल्या की ते वाडगा बाजूला सारायचे. म्हणायचे, शेवया खाव्यात तर सेमेयच्या बायकोच्या हातच्या. नऊ वर्षं हे ऐकत आले. तुम्ही करता तरी कशा?'

बाईंना राग आला, रडूही आलं. मग एकदम हसू फुटलं. ह्याच घरात, ह्याच ताटावर, नऊ वर्षं तो त्यांना ऐकवत होता की गुल्ज्याच्या एका खानावळवालीच्या शेवया खाल्ल्यापासून तुझ्या घशाखाली उतरत नाहीत.

त्यांनी उलटटपाली तेवढंच लिहून पाठवलं. मग पत्रांमागून पत्रं गेली-आली, आणि उन्हाळ्यात आयिमखानच येऊन दारात उभी राहिली. हाडापेरानं मजबूत, पन्नाशीला टेकलेली.

"तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या आहात, असं सांगितलं होतं मला," ती म्हणाली.

"मला तर काहीच सांगितलं नव्हतं. या आत."

दुसऱ्या दिवशी दोघींनी दोन चुलींवर दोन भांडी चढवली. मागफुराला निवाड्याला बसवलं. तिनं एक वाडगा चाखला, दुसरा चाखला, मग ती पाणी प्यायली.

"खरं सांगू?"

"नेहमीच सांगता, फक्त उशिरा," शम्सीकमर म्हणाल्या.

"एकीचा चिखल झालाय, दुसरीचा दोरखंड. माझा भाऊ दोन्ही घरी उपाशीच होता हो."

 मग आयिमखाननं हळूच थोरलीच्या चिखलात चमचा घातला आणि शम्सीकमरबाईंनी तिचा दोरखंड चावून पाहिला.

"तुमच्या जरा बऱ्या आहेत, ताई."

"छे, काहीतरीच. तुमच्या निदान दिसतात तरी."

त्या दिवसापासून शेवया बंद झाल्या आणि घरात स्वयंपाकीण आली. उन्हाळा सरताना आयिमखान सफरचंदं उतरवायला परत निघाली. शम्सीकमरबाईंनी तिच्या गाडीत चहाच्या पेट्या न मोजताच भरायला लावल्या आणि चाकाला हात लावून म्हणाल्या, "पोचल्यावर लिहा. बाकीच्यांची पत्रं मी आता वन्संकडेच देते. त्यांना त्यात जास्त गोडी आहे."