तात्पुरता खिळा

मित्रांनो, होडीच्या पाठीला घट्ट धरून लटकणारी मी एक जुनी मोटर आहे. माझे डोके हवेत असते आणि पाय पाण्यात. त्यामुळे अर्धी मी जागी असते आणि अर्धी स्वप्नात.

एका साच्यातून आम्ही कितीतरी बहिणी निघालो. अंगाला आकाशी रंग, पोटात चकचकीत गिअर. मी आले ती नानांच्या होडीवर. आमची नदी इतकी रुंद आहे की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही, त्याचा सदरा तेवढा दिसतो. तेवीस वर्षे मी तिथून लोकांची ने-आण केली. नाना मला रोज पुसत. “आमची मोटर म्हणजे घड्याळ!” असे ते ज्याला त्याला सांगत.

माझ्या पंख्याच्या दांड्यात पितळेची एक पिन असते, करंगळीच्या पेराएवढी. ती मुद्दामच मऊ ठेवलेली असते. पंखा कशावर आपटला की ती मोडते आणि पोटातले गिअर वाचतात. मोडणे हेच तिचे काम. एकदा भर पात्रात ती मोडली. होडीत नानांची थोरली बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. जवळ दुसरी पिन नव्हती. नानांनी एक जाड पोलादी खिळा शोधला, कापला, कानशीने घासला आणि ठोकून बसवला.

“तात्पुरता आहे,” ते म्हणाले. “उद्या बदलतो.”

हा शब्द तुमच्याही घरात असेल. तात्पुरती बांधलेली दोरी, तात्पुरता चिकटवलेला चष्मा. आमचा तात्पुरता खिळा आठ वर्षे टिकला.

मग एका दुपारी पाण्याखालून ओंडका आला. पंखा आपटला. खिळा मोडला नाही, माझ्या गिअरचे दात मोडले. होडी वाहत वाहत लव्हाळ्यात जाऊन अडकली. त्या दिवशीही आक्का होडीत होती.

“सारखी बडबड, सारखी बडबड!” नाना तिच्यावर ओरडले. “तुझ्यापायी ओंडका दिसला नाही मला!”

आक्का उतरली. चपला हातात घेऊन चिखलातून चालत गेली. तिने मागे वळून पाहिले नाही.

मी खोपटात आले. माझ्या पंख्यावर कोळ्याने जाळे विणले. वारा आला की ते हलायचे आणि मला वाटायचे, मी चालले आहे. खिडकीतून नदी दिसायची. पलीकडच्या काठावर आक्काच्या अंगणातल्या दोरीवर एक पिवळी चादर वाळत असायची. नाना रोज खोपटाच्या दारात बसून त्या चादरीकडे पाहत. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मोटरला तोंड कुठे असते?

तीन वर्षे गेली. एकदा त्यांची मुलगी म्हणाली, “बाबा, आत्याकडे जाऊ या.”

“मोटर नीट झाली की बघू.”

“शेजाऱ्यांची होडी आहे की.”

“मी? दुसऱ्याच्या होडीत उतारू होऊन बसू? लोक काय म्हणतील?”

“बरं. मग मोटरच नीट करते.”

नाना हसले. माझ्या जातीची मोटर कारखान्याने केव्हाच बंद केली होती.

मुलीने कानमिस्त्रींना आणले. पेचकसाचे एक टोक यंत्राला आणि दुसरे कानाला लावून ते दुखणे ओळखत, म्हणून हे नाव. माझ्याही अंगाला त्यांनी कान लावला.

“मेलेल्या मोटरचं काय ऐकू येणार?” नानांनी टोमणा मारला.

“जिवंत असतात त्या खोटं बोलतात, नाना,” असे म्हणत मिस्त्रींनी पंखा उतरवला आणि गंजलेला खिळा ठोकून बाहेर काढला. “हा कुणी घातला? इथे पिन असती तर पिन मोडली असती. गिअर शाबूत राहिले असते. ओंडका दिसो, न दिसो.”

नानांनी खिळा तळहातावर घेतला. मग तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि म्हणाले, “गिअर कुठे मिळतील, सांगा.”

त्यानंतर पाच महिने नाना स्वतः पत्रे लिहीत होते, फोन करत होते. एकाने शिवणयंत्राचे चाक पाठवले, एकाने नुसती सहानुभूती. शेवटी मासेमारीच्या जाळ्यांच्या एका दुकानात मुलीला माझी बहीण दिसली. तोच आकाशी रंग. ती दार उघडे राहावे म्हणून टेकण झाली होती.

“आणि माझं दार कोण धरणार?” दुकानदाराने विचारले. मुलीने एक मोठा दगड आणून दिला.

बहिणीचे गिअर माझ्या पोटात बसले. दांड्यात पितळेची नवी पिन बसली. पाण्याच्या पिंपात उभी करून नानांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, सातव्यांदा मी खोकले आणि चालू झाले. तेव्हापासून मला कधी न पाहिलेल्या पाण्याची स्वप्ने पडतात. ती तिची असावीत.

दुसऱ्याच दिवशी नाना मुलीला घेऊन पलीकडे गेले. आक्का चादर झटकत होती.

“तीन वर्षं लागली होय रे, एक नदी ओलांडायला?”

नानांनी खिळा पुढे केला. “आक्का, चूक ओंडक्याची नव्हती. तुझीही नव्हती. हा मी बदललाच नाही.”

आक्काने खिळा ओळखला. “अरे, त्या दिवशी मी दुसरं काय विचारत होते? ‘खिळा बदललास का, खिळा बदललास का?’ यालाच तू बडबड म्हणालास!”

मी काठाशी गार होत होते. ओंडक्याच्या दिवशी तिचे ते शब्द माझ्याच आवाजात बुडाले होते. नानांना ऐकू आले नाहीत, मलाही नाहीत.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करा, पुसत जा, हे तर खरेच. पण जे मोडण्यासाठीच बनवले आहे, ते वेळेवर मोडू द्या. त्याच्या जागी पोलाद ठोकू नका.

संध्याकाळी आक्का आमच्याबरोबर निघाली. भर पात्रात ती काहीतरी बोलू लागली. नाना वळले आणि त्यांनी मला बंद केले. होडी आपोआप वाहू लागली.

“हं,” ते म्हणाले. “आता बोल.”