सरदाराची भूक

डोळे मिटा आणि भोरच्या वेशीबाहेरच्या तळ्यावर अकराव्या पायरीवर येऊन बसा. जपून, शेवाळ आहे. काळ संस्थानाचा, महिना वैशाखाचा. पाय पाण्यात सोडलेत? मग शेजारची ती आठ वर्षांची मुलगी दिसेल. परकराच्या ओच्यातून मूठमूठ चुरमुरे काढून ती पाण्यात टाकते आहे. ती अकिला.

ऊन नुकतंच वर आलं होतं आणि तळ्यातले मासे झाडून सगळे पाण्यावर आले होते. शेकडो तोंडं उघडत होती, मिटत होती. सगळ्यांत पुढं हातभर लांबीचा, मिशीवाला सरदार. हे नाव अकिलानंच ठेवलेलं. एरवी चुरमुरे पडायच्या आत गिळणारा सरदार आज ते नाकावरून वाहू देत होता. मधूनच एका अंगावर कलंडत होता.

“नाना, सरदाराला लई भूक लागलीय. पन खातच न्हाई.”

मौलाली, म्हणजे तिचे नाना, तळ्याचे राखणदार. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मग नातीशेजारी टेकले.

“रोज टाकतीस का गं चुरमुरं?”

“मी, शेजारचा ज्ञानू, समदीच. भाकरी पन टाकत्यात.”

“बरं. आता दोन बोटांनी नाक धर. घट्ट. आन तोंड मीट.”

अकिलानं धरलं. नाना निवांत दाढी खाजवत बसले. तिचे गाल फुगले, डोळे मोठे झाले आणि फस्सकन तोंड उघडलं. नानांनी लगेच चिमूटभर चुरमुरे पुढं केले.

“घे, खा. भूक लागली न्हवं?”

“भूक कुठं? दम...”

बोलता बोलता ती थांबली. तिनं सरदाराकडं पाहिलं, मग ओच्यातल्या चुरमुऱ्यांकडं. ओचा तिनं हळूच आवळून घेतला.

“बुडाशी पाला न् भाकऱ्या कुजल्यात,” नाना म्हणाले. “त्यांनी पाण्यातला दम खाल्ला. खालची मोरी उघडून ते घाण पानी सोडायचं, आन झऱ्याचा पाट उंचावरनं पाडायचा. पानी आपटलं की त्यात हवा मिसळती. पन बिगीबिगी. दुपारच्याला सरदार ऱ्हायचा न्हाई.”

दोघं मोरीकडं धावली. मोरीत बुचासारख्या बसवलेल्या लाकडी दट्ट्याचा दांडा वर काठापर्यंत आला होता. नाना त्याला हात घालणार, तोच धुणं टाकून सखूबाई आली आणि दांड्यापुढंच फतकल मारून बसली.

“मौलालीभाऊ, डोस्कं फिरलं का? ऐन वैशाखात पानी सोडताय?”

“एकच पायरी उतरंल, सखूबाई. धा दिसांत पाट भरून काढंल.”

एक पायरी म्हणजे थोडी गोष्ट नव्हती. दहावी पायरी रुंद, ती सासूची. अकरावी अरुंद आणि निसरडी, ती सुनेची. पाणी उतरेल तशा धुणाऱ्या बायका खाली सरकायच्या, आणि यंदा सगळ्या सासवा आधीच सुनेच्या पायरीवर आल्या होत्या.

“म्हंजी आता बाराव्या पायरीवर? या वयात मला सुनेच्या बी खाली बसवताय व्हय?”

बायका खिदळल्या. सखूबाईची सून सगळ्यांत मोठ्यानं.

“मासं दमावल्यात, बाई.”

“दमायला काय नांगर वडत्यात? भुकेली हायती. कशी आ वासून बसल्यात, बगा की!” सखूबाईनं न्याहारीचं फडकं सोडलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

नानांनी दाढी खाजवली. तिकडं सरदार पुन्हा कलंडला. या वेळी सरळ व्हायला त्याला फार वेळ लागला.

अकिला पुढं झाली. सखूबाईच्या हातातला तुकडा तिनं अलगद काढून घेतला.

“सखूमावशी, तोंड मिटा.”

“आं? कशापायी गं?”

“मिटा तर.”

हसू दाबत सखूबाईनं तोंड मिटलं. अकिलानं भाकरीचा तुकडा एका हातात तयार धरला, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी मावशीचं नाक घट्ट दाबलं.