वाटाण्याचे फुगलेले डबे

मी एक जुना कुकर आहे. ओट्यावर बसून शिट्ट्या मारणारा नव्हे, मित्रांनो. त्या उथळ भाऊबंदांशी माझी तुलना नको. मी माणसाच्या उंचीचा, जाड लोखंडाचा. एका छोट्या कारखान्यात वाटाण्याचे बंद डबे माझ्या पोटात रचत आणि दाबाखालच्या वाफेने तापवत.

हे सारे सूक्ष्मजंतूंमुळे. या जातीचा मला मनापासून तिटकारा आहे. दिसायचे नाही, विचारायचे नाही, दुसऱ्याच्या अन्नात घुसून एकाचे लाख व्हायचे आणि ते नासवून टाकायचे. दाट पाकात, भरपूर मिठात किंवा वाळवलेल्या पदार्थात त्यांना पाणी मिळत नाही, म्हणून ते वाढत नाहीत. थंडीत नुसते पेंगतात. पण काही जण बीसारखे जाड कवच पांघरून बसतात. ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत आणि हवाबंद डब्यात जागे होऊन विष तयार करतात. त्यांच्यासाठी माझी उकळत्या पाण्याहून कितीतरी कडक वाफ लागे, आणि तीही पूर्ण पंचावन्न मिनिटे.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या रोज माझ्या झाकणाचे रबर पुसत, दाबाचा काटा तपासत. माझ्या अंगावर एक लेखणी होती. ती गोल कागदावर तापमानाची रेघ ओढी. मावशी तो कागद रोज जपून ठेवत. पाहुणे आले की मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, “हा आहे म्हणून आम्ही आहोत.”

मग मालकांचे जावई कारभार पाहू लागले. अंगाला अत्तर, हातात मोबाइल. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध जेवायला हाक येण्यापुरताच.

एकदा मावशी रजेवर होत्या. दारात ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर कुरकुरत होता. जावईबापूंनी विसाव्या मिनिटाला माझी वाफ सोडली. मला तोंड असते तर तिथेच चार शब्द सुनावले असते.

पण ट्रकचे चाक पंक्चर झाले आणि माल दुसऱ्या दिवसावर गेला. सकाळी मावशी आल्या, त्यांनी कालचा कागद पाहिला आणि ट्रकमध्ये चढवलेले दोनशे डबे उतरवायला लावले.

“मावशी, उकळलं की मरतात सगळे. उगाच बाऊ करताय,” जावईबापू हसत म्हणाले. त्यांनी एक डबा फोडून हुंगला. “वास बघा किती छान येतोय. खाऊनच दाखवतो.”

मावशींनी त्यांच्या हातातला चमचा हिसकावला. “विषाला वास असतोच असं कुणी सांगितलं तुम्हाला? हे डबे दहा दिवस उबदार खोलीत राहतील. मग बघू.”

सातव्या दिवशी सोळा डब्यांची झाकणे टम्म फुगली. आत कोणाची भरभराट झाली होती, ते सांगायला नको.

मालक धावत आले. जावईबापूंनी एका दमात सांगून टाकले, “कुकर जुना झालाय. दाबच धरत नाही.”

जंतू परवडले, मित्रांनो. ते निदान खोटे बोलत नाहीत.

मावशींनी तो गोल कागद मालकांपुढे धरला. वीस मिनिटांची आखूड रेघ. मालकांनी ती पाहिली, जावयाकडे पाहिले आणि कागदाची घडी करून खिशात घातली. “नवा कुकर आणू,” ते हळूच म्हणाले.

“आणा मालक,” मावशी म्हणाल्या. “पण त्याच्यापुढे यांना उभं केलंत, तर मी नाही यायची.”

मालकांनी खिशातला कागद काढून मावशींच्या हातात परत दिला. मग त्यांनी दोनशेच्या दोनशे डबे नष्ट करायला सांगितले. दुसऱ्या दिवसापासून जावईबापू खोक्यांवर पत्ते चिकटवताना दिसू लागले. तेही वाकडेच.

नवा कुकर आला आणि मी आता मागच्या अंगणात गंजतो आहे. माझ्या पोटात पावसाचे पाणी साचते आणि ज्यांना मी जन्मभर मारले, तेच तिथे सुखाने नांदतात. मुलांनो, माझी कीव करू नका. घरात एखादा डबा फुगलेला दिसला, तर चव न घेता मोठ्यांना दाखवा आणि तो न उघडता टाकायला लावा. आणि जे यंत्र तुमचे अन्न राखते, त्याला त्याचा पुरता वेळ द्या. मावशींच्या हाताखाली इतकी वर्षे राबलो, पण माझ्यामुळे एकही माणूस आजारी पडला नाही. असे सांगू शकणारी माणसे मला फारशी भेटलेली नाहीत.